गिरणी चालू करा!

नवं बाळ दिवसाकाठी किती झोपतं हे नंदूला पाठ होतं. सोळा-सतरा तास. प्रसूतिगृहातल्या डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं, की ते दर दोन-तीन तासांनी उठणार, दूध पिणार, पुन्हा झोपणार. दिवस कुठला आणि रात्र कुठली हे त्याला अजून कळत नसतं. नंदू रसायनशास्त्राचा पदवीधर, भांडुपच्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरीला. त्याला प्रश्न पडला, की मग हे सोळा तास जातात कुठे? तो संध्याकाळी घरी यायचा तेव्हा बाळ रडत असायचं, आणि सकाळी निघायचा तेव्हाही रडतच असायचं.

"मधे झोपतो हो तो," त्याची बायको प्रेमा म्हणायची. पण हे सांगता सांगता तिचेच डोळे मिटायचे, त्यामुळे नंदू तिची साक्ष धरत नसे. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मात्र त्याने धरली होती. बाळंतपणानंतर बाई अशी खंगत चालली तर काय उपयोग?

कारण शोधायला त्याला लांब जावं लागलं नाही. घाटकोपरच्या भटवाडीत, 'शांती निवास'च्या पहिल्या मजल्यावर त्यांची खोली, आणि बरोबर खाली जयवंतची पिठाची गिरणी. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत घरघर, घरघर. फरशी थरथरायची, मांडणीतली भांडी एकमेकांशी बोलायची.

"दिवसा त्याची झोप मोडते, म्हणून संध्याकाळी रडतो," नंदूने निकाल दिला. "दुपारी गिरणी बंद पाहिजे. तुझी झोप मी आणून देतो, बघच तू."

"आधी तुझ्या बापसाक झोप आणून दी," आई शेवंती म्हणाली.

तेही खरंच होतं. नंदूचे वडील धोंडू परळच्या कापडगिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे. संपाला आठ महिने झाले होते. दिवसभर ते परळला सभेला नाहीतर मोर्चाला जायचे आणि रात्रभर गॅलरीत येरझाऱ्या घालायचे. नंदूने त्यांच्या चपला काढून घेतल्या होत्या, बाळासाठी. आता ते अनवाणी येरझाऱ्या घालायचे.

जयवंत काही सहजासहजी ऐकणारा नव्हता. "काय नंदूशेठ, दुपारीच तर बायका दळण आणतात! धंद्याची वाट लागेल ना माझ्या!"

"बायकाच आल्या नाहीत तर?"

"तर काय, झोपेन मी पण. झकास."

नंदू कामाला लागला. रोज कारखान्यातून आल्यावर चहा न घेता तो जिने चढायचा आणि एकेक दार वाजवायचा. "काकू, दुपारचं दळण आणू नका, बाळाच्या झोपेसाठी." दुसऱ्या मजल्यावरच्या उत्तराकाकूंनी त्याला दाराशीच उभं केलं.

"तू पण लहानपणी ह्याच इमारतीत झोपलास ना रे? तेव्हा काय गिरणीला गोधडी घातली होती?"

"काकू, तेव्हा शास्त्र एवढं पुढे गेलं नव्हतं."

"बरं बाबा. सकाळी आणीन. पण बाळ झोपलं नाही ना, तर शास्त्राला बघून घेईन मी."

आठवडाभरात सगळी इमारत फिरून झाली आणि जयवंत हरला. सोमवारी दुपारी एकला त्याने पट्टा उतरवला, कुलूप लावलं आणि किल्ली शेवंतीच्या हातात ठेवली. "ठेवा तुमच्याकडेच. राज्य तुमचंच चाललंय. मी चाललो मुलुंडला बहिणीकडे."

आपला विजय डोळ्यांनी पाहायला नंदूने अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. पाळण्यात बाळ गाढ झोपलं होतं, प्रेमा शेजारी आडवी झाली होती. घरघर थांबली. भांडी गप्प झाली. पंख्याचा आवाजही ऐकू यायला लागला.

आणि बाळाने डोळे उघडले.

त्याने आधी इकडे बघितलं, मग तिकडे, आणि मग असा टाहो फोडला की समोरच्या इमारतीतली माणसं खिडकीत आली. प्रेमाने त्याला घेतलं, पाजलं. दोन घोट पिऊन ते डुलकलं. पाळण्यात ठेवताच पुन्हा टाहो. पुन्हा घेतलं, पुन्हा दोन घोट, पुन्हा तेच. शेवंतीने ओवा शेकून पोट शेकलं, दृष्ट काढली. बाळ कशालाच बधेना. प्रेमाच्याही डोळ्यांत पाणी आलं.

"अहो, ह्या वेळेला तो रोज झोपतो. मी पण झोपते. आजच काय झालं?"

नंदू हाताची घडी घालून उभा राहिला. दूध तेच. पाळणा तोच. लंगोट कोरडा. खोलीतली एकच गोष्ट बदलली होती, आणि ती त्यानेच, आठवडाभर जिने चढून, बदलली होती.

तो गॅलरीत धावला. खाली ओट्यावर वडील त्यांच्या संपकरी दोस्तांबरोबर पत्ते खेळत होते. त्या दिवशीची परळची सभा पुढे ढकलली होती. नंदू कठड्यावरून वाकून जिवाच्या आकांताने ओरडला, "बाबा! गिरणी चालू करा! आत्ताच्या आत्ता!"

पत्ते हातातून गळले. कोणीतरी पलीकडच्या चाळीकडे पळत सुटलं, "गिरणी चालू झाली रे!" तिकडून प्रश्न आला, "कुठली? कोणाची?" पाहता पाहता 'शांती निवास'खाली पन्नासेक माणसं जमली. कोणी बनियनवर होतं, कोणाच्या दाढीला साबण तसाच होता. धोंडू मात्र जिना चढत होते, एकेका पायरीवर राग वाढवत.

"तुझो बापूस आठ म्हयने घराक बसलो हा," ते दारातूनच कडाडले, "आनि तू चारचौघांत गिरणी चालू करूक सांगतस? माझ्या घरात संप फोडतस?"

"बाबा, पिठाची!"

"कसली?"

"अवो, पिठाची गिरणी सांगता तो!" शेवंती बाळाच्या वरताण ओरडली. "गिरणी थांबली म्हणान नातू रडता!"

धोंडूंनी नातवाकडे पाहिलं. राग जिरला, पण चेहरा पडला. "माका जमाचा नाय. संप मिटेपर्यंत गिरणीच्या यंत्राक हात लावचंय नाय म्हणान सभेत शपथ घेतलंय मी."

ते खाली उतरले आणि ओट्यावर शपथेची चर्चा सुरू झाली. पिठाची गिरणी ही गिरणी धरायची की नाही? एक जण म्हणाला, नावातच आहे. दुसरा म्हणाला, मग कांडपगिरणीतला मसालाही खाऊ नका. वर बाळाचा आवाज बसत चालला होता. शेवटी धोंडूंच्याच खात्यातला जॉबर, म्हणजे मुकादम, श्यामसुंदर उठून उभा राहिला.

"धोंडू, शपथ कापडाची होती. पिठाची नव्हती. चल."

शेवंतीने खाली येऊन किल्ली दिली. नंदूला यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण आठ महिने रिकामे बसलेले ते हात बघता बघता कामाला लागले. एकाने पट्टा चढवला, दुसऱ्याने तेल सोडलं, तिसऱ्याने सकाळचं राहिलेलं दळण वर ओतलं. धोंडूंनी क्षणभर पट्ट्यावरून हात फिरवला आणि खटका ओढला. घरघर सुरू झाली.

वरचा टाहो एकदम थांबला. नंदू दोन-दोन पायऱ्या चढत गेला. बाळ झोपलं होतं. प्रेमाही झोपली होती, पदर अर्धा पाळण्यात, अर्धा खाली. भांडी पुन्हा एकमेकांशी बोलत होती.

तो विजयी चेहऱ्याने खाली आला, तर श्यामसुंदरने तोंडावर बोट ठेवलं. गिरणीच्या कोपऱ्यात, एका पालथ्या डब्यावर, भिंतीला डोकं टेकून धोंडू घोरत होते. भुवयांवर पीठ साचलं होतं.

"साचे थांबले तसा ह्यांका डोळ्याक डोळो नाय लागलो," शेवंती पुटपुटली आणि पदराने त्यांच्या भुवया पुसायला गेली. मग हात मागे घेतला.

एवढ्यात बहीण घरी नाही म्हणून जयवंत मुलुंडहून परतला. "कोणी उघडली माझी गिरणी?" तो ओरडणार होता, पण पन्नास माणसांनी एकदम 'श्श्' केलं. त्याने धोंडूंकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "बरं, पण दाणा संपत आलाय. रिकामे दगड फिरले तर वाट लागेल. बंद करू?"

"नको!" नंदू आणि शेवंती एकदम म्हणाले.

पुढच्याच मिनिटाला नंदू रिकामा डबा घेऊन दुसऱ्या मजल्यावर उत्तराकाकूंच्या दारात उभा होता.

"काकू, दळण आहे का? गहू, ज्वारी, काहीही चालेल."

काकूंनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग आतून दोन डबे ओढत आणले आणि दारातच त्यांवर हात ठेवला.

"आहे की. पण दुपारी आणू नका म्हणालास ना? त्याची झोप मोडेल."