गफ्फारभाई ब्रेक पॅड बदलतात

आमच्या शेजारचे गफ्फारभाई डोळ्याला भिंग लावल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवत नाहीत. वांगी, लग्नपत्रिका, माझी दुखरी दाढ, सगळं त्यांनी भिंगातून तपासलंय. मंगरूळपीरच्या बाजारात त्यांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. आता दुकान बंद, बेगम गेल्यापासून घरात एकटेच. भिंग तेवढं शर्टाच्या खिशात कायम. दुनियेला ते "सबूर, सबूर" म्हणतात आणि स्वतः एका जागी दोन मिनिटं टिकत नाहीत.

मागच्या रविवारी सकाळी त्यांची मुलगी शबाना अकोल्याहून स्वतः गाडी चालवत आली. ती तिथं नर्स आहे, पाच महिन्यांनी घरी येत होती. ब्रेक दाबला की पुढून किरकिर यायची. गफ्फारभाईंनी ती गल्लीच्या तोंडापासूनच ऐकली.

"पॅड घासले. मेकॅनिक कायले पायजे? मीच बदलतो."

बसस्टँडजवळून नवे पॅड आणले आणि मला हाताखाली घेतलं.

मग घड्याळजीची रीत सुरू झाली. चाकाचे नट एका ताटलीत, ब्रेकचे बोल्ट दुसरीत, निघाले त्याच क्रमानं. पत्र्यापर्यंत झिजलेले जुने पॅड भिंगाखाली. दाताच्या ब्रशनं सफाई. डावं चाक बसलं तसे उठले, पायाला भिंगरी लावल्यासारखे गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले आणि बसवलेलं चाक परत खोलायला लागले.

"भाई, झालं होतं ना?"

"आवाज येऊन राह्यला. तुमाले नाही समजत."

गाडी जॅकवर उभी होती! आवाज कसला येणार, कपाळ?

शबानाला चारला निघायचं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळची ड्यूटी. साडेतीनला उजव्या ब्रेकचा एक बोल्ट हरवला. मोहरीएवढा स्क्रूसुद्धा ज्यानं कधी हरवला नाही, त्याचा बोटाएवढा बोल्ट गायब! मी गाडीखाली लोळलो, नालीत हात घातला. गफ्फारभाई येरझारा घालत हुकूम सोडत होते, "तिकडं पाहा. नाही, इकडं." चिडून मान वर केली, तर त्यांच्या खिशातून बोल्टाचं डोकं दिसत होतं.

"भाई!"

ते खाली वाकले. हळूच म्हणाले, "चूप राहा ना यार. हातातली पिशवी ठेवायच्या आधी जायचा टाइम सांगितला तिनं."

माझा राग तिथंच संपला. भिंतीला भिंत लागून राहतो आम्ही, आणि मला काही दिसलं नव्हतं, याची लाज वाटली.

शबाना दारात उभी होती, निघायच्या तयारीत, खांद्याला पर्स. तिनं बापाच्या खिशाकडे पाहिलं. मग फोन काढला आणि कुण्या मैत्रिणीशी उद्याची ड्यूटी बदलून घेतली.

"काका, उठा तुमी," ती मला म्हणाली. "अन् अब्बूले सांगा, मागचे ब्रेकबी खोलून पाहा म्हणा. मी परवा जाईन."