टेंभेकरकाकांचे घरपोच आभार

टेंभेकरकाका आभार मानायला निघाले आहेत असं कळलं, की आमच्या रायपूरच्या बूढापाऱ्यातली शहाणी माणसं दाराला आतून कडी लावतात आणि टीव्हीचा आवाज बंद करतात. वर्गणीवाल्यांनाही लोक इतके घाबरत नाहीत. वर्गणीवाला निदान पावती फाडून निघून जातो. काका बसतात.

त्याचं असं झालं, की काकांची कादंबरी प्रसिद्ध झाली. पहिलीच. लेखकाचं वय एकाहत्तर, पानं चारशे बारा, नाव 'खारूनकाठची सून'. काका सिंचन खात्यात नकाशे काढायचे. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर "टाइमच नाही भेटला" म्हणतात. निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसायचं सोडून हा उद्योग सुरू केला. मी त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. नाशिकहून बदलून आले तेव्हा रायपुरात मराठी घरमालक मिळाला म्हणून मला फार आनंद झाला होता. तो पहिल्या महिन्यातच ओसरला.

कादंबरीत काय आहे ते मला विचारू नका. मी अकरा पानं वाचली. भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडे आलेलं एक कुटुंब खारून नदी ओलांडत होतं. अकराव्या पानावरही ते नदीतच होतं, म्हणून मी बाहेर आले. मागे छापलेले आभार मात्र मी अथपासून इतिपर्यंत वाचले. सगळ्यांनीच वाचले, कारण जो तो आपलं नाव शोधत होता. आभार सहा पानांचे. समोरच्या गिरणीवाल्याचे, दुपारी दोन ते चार गिरणी बंद ठेवल्याबद्दल. तो त्या वेळात घोरत असतो. गोलबाजारातल्या भांडेवाल्याचे, चहाचं गळकं पातेलं बिनबोभाट बदलून दिल्याबद्दल. आणि माझे, 'वरच्या मजल्यावर पाय न आपटता वावरल्याबद्दल'.

"काका, तेव्हा मी दोन महिने ट्रेनिंगला गेले होते," मी म्हटलं.

"म्हणूनच तं आवाज नाही झाला, मॅडम. याच्यात तुमचा वाटा आहे."

'याच्यात तुमचा वाटा आहे' हे त्यांचं पालुपद. दूधवाल्याला, पोस्टमनला, गल्लीत झोपलेल्या कुत्र्यालासुद्धा त्यांनी हे ऐकवलेलं मी पाहिलं आहे. कुत्रा उठून दुसरीकडे जाऊन झोपला.

प्रकाशन समारंभ इथल्या एका मराठी मंडळाच्या हॉलमध्ये झाला. तिथलं मराठी गणपतीच्या आरतीपुरतं. आरती संपली की सगळे हिंदीत प्रसाद मागतात. प्रमुख पाहुण्यांनी पुस्तक हातात तोलून पाहिलं, "बहुत मेहनत का काम है" असा अभिप्राय दिला आणि खाली बसले. मग काका उठले आणि आभार वाचू लागले. ज्याचं नाव येईल त्याने वर जायचं आणि काकांच्या हातून शाल-नारळ घ्यायचा. सगळीकडे लेखकाचा सत्कार होतो, इथे लेखकच लोकांचा सत्कार करत सुटला होता. आठ नावांपर्यंत टाळ्या पडल्या. पंधराव्या नावाला बाहेर गरम आलूबोंडे आले आणि हॉल रिकामा झाला. काका खुर्च्यांकडे बघत पुढची नावं वाचत राहिले. मला त्या वेळी दयाबिया काही आली नाही. मी आलूबोंडा खात दारातून बघत होते आणि मला हसू येत होतं.

जे आले नाहीत आणि जे आलूबोंड्यांकडे गेले, त्यांचे आभार घरपोच द्यायचे, असं काकांनी ठरवलं. त्यांना गाडी चालवता येत नाही. माझ्याकडे स्कूटी आहे. घरमालकाला नाही कसं म्हणणार? तीन रविवार आमची वरात निघाली. माझ्या पायांशी नारळांची पिशवी, मागे काका, त्यांच्या मांडीवर शालींचा गठ्ठा. सिग्नलला लोक बघायचे. मी ओढणी तोंडावर घ्यायचे.

प्रत्येक घरी तोच कार्यक्रम. शाल, नारळ, 'याच्यात तुमचा वाटा आहे'. मग "दोन मिनिटं बसतो" म्हणून काका चष्मा लावायचे आणि कादंबरीचं शेवटचं प्रकरण उघडायचे. लोकांच्या हिकमती बघण्यासारख्या होत्या. एका दातांच्या डॉक्टरांनी न वाजलेला फोन कानाला लावला. एका घरात मुलगी म्हणाली, "अंकल, मराठी समझ आती है, पर इतनी नहीं." पेन्शनवर असलेल्या एक बाई सगळ्यांत हुशार. त्या म्हणाल्या, "शेवट आत्ताच काहून सांगता काका? वाचायची मजा जाईन नं." त्यांचं पुस्तक प्लास्टिकच्या वेष्टनासकट फ्रिजवर पडलेलं होतं आणि त्यावर कांदे होते.

"काका, लोकांना शेवट ऐकायचा नाहीये," एकदा मी सरळ सांगितलं.

"हो नं," काका म्हणाले आणि पुढच्या घराचा पत्ता काढला.

तिसऱ्या रविवारी दुपारी पिशवीत एकच नारळ उरला. शाली संपल्या होत्या. काकांच्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक नवं लुगडं होतं.

"पुरानी बस्तीत एक घर राहिलं," ते म्हणाले.

पुरानी बस्तीतलं कुणीच यादीत नव्हतं. मी यादी उघडून दाखवली. काकांनी मला एका देवळापाशी स्कूटी थांबवायला लावली आणि खाली उतरून उभे राहिले.

"बिसाहीनबाई," ते म्हणाले. "चौदा वर्षं माह्या घरी स्वयंपाकाले होती. जेवढं लिहिलं तेवढं रोज मी तिले वाचून दाखवो. ते पोळ्या लाटता लाटता ऐके अन् दर वाक्याले 'हव' म्हणे, म्हणजे 'हो'. आपल्या इथं कथा सांगताना कोणीतरी हुंकार भराव लागते, तसं. मागच्या दिवाळीले, तुम्ही इथं राहाले याच्या आधी, गुडघे गेले, काम सोडलं. शेवटचं प्रकरण मी त्याच्यानंतर लिहिलं."

"मग आभारात नाव का नाही?"

"अर्धी कथा ऐकवून आभार कसे मानाचे, मॅडम?"

"त्यांना मराठी येतं?"

"तेच तं मले माहीत नाही."

माझी जीभ म्हणजे काही विचारू नका. मी म्हटलं, "काका, कामाला असलेली बाई मालकाला 'हव' म्हणणार नाही तर काय म्हणणार?"

काका रागावले नाहीत. "मलेही तेच वाटून राहिलं," ते म्हणाले. "म्हणून सालभर हिंमत नाही झाली. तिनं नुसतंच हव हव केलं असंल, तं मॅडम, हे पुस्तक कोणीच ऐकलं नाही."

सत्तरी ओलांडलेला माणूस देवळाच्या पायरीशी लुगडं छातीशी धरून उभा होता. मी स्कूटी ढकलत त्यांच्या मागून गल्लीत गेले.

बिसाहीनबाई दारात पाय लांब करून तांदूळ निवडत बसल्या होत्या. "आवव साहब, बइठव," छत्तीसगढीत म्हणाल्या. काकांनी लुगडं पुढे केलं. त्यांनी ते बघितलंही नाही, बाजूला ठेवलं. सूप खाली टेकवलं आणि विचारलं, "यमुना लहुटिस के नइ?"

यमुना परतली का नाही. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पुस्तक उघडून दोन ओळी वाचल्या आणि थांबले. त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं.

मी वाचायला लागले. यमुना ही त्या कादंबरीतली सून, एवढं मुखपृष्ठावरून कळत होतं. बाकी कोण कुणाची कोण, मला पत्ता नव्हता. एका बाईचं बोलणं आलं, ते मी छान लाडिक आवाजात वाचलं. बिसाहीनबाईंनी हात वर करून मला थांबवलं.

"ओ तो जेठानी आय, दीदी. ओ अइसन मीठ नइ बोलय."

थोरली जाऊ, आणि ती अशी गोड बोलत नाही. मी पुन्हा वाचलं, खडूस आवाजात. त्यांनी "हव" म्हटलं. मला लाज वाटली. ती सगळी घरं आणि तो फ्रिज आठवून नव्हे. माझीच.

शेवटी यमुना नदीच्या पलीकडच्या काठावर येते, तिथूनच आपलं घर बघते आणि माघारी वळते. मी वाचून संपवलं. काका खाली जमिनीकडे बघत होते.

"नइ साहब," त्या म्हणाल्या. "लइका घर मं हे. महतारी कइसे जाही? ओला घर मं लानव."

लेकरू घरात असताना आई निघून कशी जाईल, तिला घरात आणा. मला वाटलं आता काकांचं बिनसणार. एका स्वल्पविरामासाठी या माणसाने छापखान्याच्या सात फेऱ्या केल्या होत्या. पण काकांनी मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला होता, की मी तीन रविवारांत एकाही सत्कारमूर्तीचा तसा पाहिला नव्हता. चौदा वर्षांत त्या बाईने पहिल्यांदा त्यांना 'नाही' म्हटलं होतं.

त्यांनी माझ्या हातून पुस्तक घेतलं, खिशातली पेन्सिल काढली आणि छापलेल्या शेवटच्या परिच्छेदावर सरळ रेघ मारली.

"काका, पाचशे प्रती छापून झाल्यात," मी म्हटलं.

"मालूम आहे," ते वर न बघता म्हणाले. मग मांडी घालून तांदळाच्या सुपाशी सरकले, पेन्सिल कोऱ्या जागेवर टेकवली आणि बाईंना त्यांच्याच बोलीत पुढचं विचारलं, "हव, घर मं आइस. फेर? फेर का होइस, बाई?"