अल्टरेशनला गेलेलं पुस्तक

"पुस्तक म्हणजे काय गं, कोटच तो!" टेलरमास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज नुकत्याच इस्त्री केलेल्या कॉलरसारखा ताठ होता. "मापं घ्यायची, कापायचं, जोडायचं, उलटं करून बघायचं. आयुष्यभर दुसरं काय केलंय मी?"

समोर मेहुणी उभी होती. बायकोच्या पाठची. पन्नाशी उलटली तरी सगळे तिला धाकटीच म्हणत. जेवणाचा डबा टेबलावर ठेवत ती म्हणाली, "भाऊजी, तुम्ही पावतीवर गिऱ्हाइकाचं नाव लिहिताना दोनदा खोडता!"

"ते गिऱ्हाईक असतं. हे तुझ्या ताईचं पुस्तक आहे."

यावर धाकटी डब्याचं झाकण उगाच दाबत राहिली.

मास्तरांची बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. दुकानाच्या पाटीवर नाव मास्तरांचं, आणि आत पडद्यामागे ती. काज-बटण तिचं, हातशिलाई तिची. कापड फाटेल, पण तिनं लावलेलं बटण सुटणार नाही! पण तिचं खरं काम वेगळंच होतं. गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं काम. मास्तरांच्या तोंडून तो शब्द उभ्या जन्मात निघाला नव्हता. गिऱ्हाईक म्हणालं, खिसा पाठीवर लावा, तर मास्तर विचारायचे, "डावीकडे की उजवीकडे?" मग पडद्यातून तिची मान बाहेर यायची. तोंडात सुई धरलेली. "राहू द्या तसंच. चांगलं दिसतं." की गिऱ्हाईक मुकाट पायऱ्या उतरायचं.

गावातली निम्मी माणसं माणसासारखी दिसत होती ती तिच्यामुळं. पण हे ठाऊक कुणाला? पडद्यामागच्या बाईला कोण ओळखतो? आता बटणं मास्तर लावत, आणि लोक ती मुठीत धरून परत आणत. तेव्हाही कुणाच्या डोक्यात येत नव्हतं की आधी ती लावणारं कुणी दुसरं होतं. ते लोकांना कळावं, एवढ्यासाठी पुस्तक.

मास्तरांनी लिहिलं. साधंच लिहिलं. 'ती सुई तोंडात धरून बोलायची, तरी शब्द न् शब्द कळायचा. मी केलेला चहा कसाही झाला तरी ती कप पालथा करून दाखवायची, संपवला म्हणून.' धाकटीनं वाचलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "भाऊजी, हे असंच राहू द्या."

तेवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती! पण मास्तरांना वाटलं, पुस्तक काढायचं तर आधी रीतसर लेखक व्हायला हवं. बँकेच्या वरच्या मजल्यावर 'तुम्हीही लेखक व्हा' असं शिबिर भरत होतं. तिथले मार्गदर्शक गळ्यात मफलर घालून पंख्याखाली बसत. त्यांनी स्वतः एकच पुस्तक लिहिलं होतं, आणि ते पुस्तक कसं लिहावं यावर होतं. शिबिराला येणाऱ्याला ते घ्यावंच लागे, त्यामुळं खप उत्तम होता.

"मास्तर, बायको फारच चांगली आहे हो!" मार्गदर्शक कागद चाळत म्हणाले.

"होतीच," मास्तर खूश झाले.

"अहो, दोष सांगतोय मी! संघर्ष कुठंय? वाचकाला घट्ट धरून ठेवलं पाहिजे."

घट्ट! हा शब्द मास्तरांच्या ओळखीचा. कानावरची पेन्सिल हातात आली. "कुठं घट्ट करू?"

"बायकोपासून सुरू करा. तिला जरा कजाग करा."

मास्तरांना पटलं नाही. त्यांनी सवयीनं मागं वळून पाहिलं. मागं पडदा नव्हता, भिंत होती.

"देतो करून," ते म्हणाले.

पुढच्या शिबिराला येईपर्यंत पुस्तकातली बायको नवऱ्याच्या अंगावर गरम इस्त्री फेकायला लागली होती. मार्गदर्शकांनी टाळ्या वाजवल्या आणि मास्तरांना आपल्या ओळखीच्या प्रकाशकाकडे पाठवलं.

प्रकाशकाच्या कचेरीत खुर्च्या नव्हत्या. न खपलेल्या कवितासंग्रहांचे गठ्ठे होते, त्यांवर बसायचं. "बसा, बसा," प्रकाशक म्हणाला. "कविता कुणाच्या तरी उपयोगी पडल्या म्हणून कवीला बरं वाटेल. आता मला सांगा, बायको शेवटी मरते, ते ठीक. पण मरते कशानं?"

"तापानं."

"तापाची पुस्तकं कोण विकत घेतं हो? विष घाला!"

"विष? तिला कोण विष देईल?"

"नवरा! घरात दुसरं आहेच कोण?"

मास्तर गठ्ठ्यावरून अर्धवट उठले. पण पेन्सिल हातात आली ती आलीच. कंबर सैल करा म्हटलं की सैल, बाही आखूड म्हटली की आखूड. आयुष्यभर तेच केलं. विष घातलं.

मग मुखपृष्ठ आलं. त्यावर एक अनोळखी तरुणी केस मोकळे सोडून किंचाळत होती आणि तिच्यावर ही भलीमोठी कात्री रोखलेली.

"पण ती विषानं मेली ना?" मास्तरांनी भीत भीत विचारलं.

"विष चित्रात दिसत नाही."

"आणि पुस्तकात कात्री नाही."

"मग घाला की! तुमच्या दुकानात कात्र्यांना काय तोटा?"

घातली. आता पुस्तकातली बायको विष पिऊन मेल्यावर कात्रीनं पुन्हा मरत होती. छापायला जाताना प्रकाशकानं सहज विचारलं, "हे तुमच्या स्वतःच्याच आयुष्यावर आहे ना?"

"हो, म्हणजे आधी होतं."

प्रकाशकानं 'हो' तेवढा ठेवला आणि बाकीचं कापलं. संपादन म्हणतात ते हेच! पुस्तकाच्या पाठीवर लाल अक्षरांत छापून आलं: 'लेखकाच्या आयुष्यातली सत्यकथा. शब्द न् शब्द खरा!'

प्रकाशनाला वाचनालयाचं सभागृह भरलं. मास्तर स्वतः शिवलेल्या कोटात, नवऱ्या मुलासारखे अवघडून बसले होते. धाकटी पहिल्या रांगेत पुस्तक उघडून वाचत होती, आणि पानागणिक तिचा चेहरा बदलत होता. शेवटच्या रांगेत चौकीतले हवालदार होते. ते फुकट चहासाठी आले होते. चहाला उशीर होता म्हणून त्यांनीही एक प्रत उचलली आणि पाठ वाचली.

"या लेखकानं," मार्गदर्शक माइकवर गरजले, "आपले हात रक्तात बुडवून हे लिहिलं आहे!"

टाळ्या! हवालदार उभे राहिले. "मास्तर, हे खरं आहे का?"

 प्रकाशक मास्तरांच्या कानाशी लागला. "हो म्हणा, हो म्हणा! खप वाढेल!"

मास्तरांनी मागं पाहिलं. मागं पडदा होता! पण तो सभागृहाचा. त्यातून कुणाची मान बाहेर आली नाही.

"हो," मास्तर म्हणाले.

पुस्तकांच्या टेबलावर अशी झुंबड उडाली, जणू बुडत्या बोटीवर शेवटची होडी तेवढी उरली आहे.

"मग चला चौकीत," हवालदार म्हणाले.

"जरा थांबा हो!" प्रकाशक ओरडला. "सह्या राहिल्यात!"

चौकीत मास्तर बाकावर बसले होते, तोच धाकटी पुस्तक काखेत मारून वादळासारखी आत शिरली.

"साहेब, सोडा यांना! ताई दवाखान्यात तापानं गेली, उशाशी मी होते. डॉक्टरांना विचारा. आणि खून? हा माणूस? अहो, दुकानात झुरळ निघालं तर हे टेबलावर चढून ताईला हाक मारायचे!"

"पण बाई, भरसभेत कबूल केलंय त्यांनी."

"ते काहीही कबूल करतील! विचारा, आकाशातला चंद्र तुम्हीच चोरला ना?"

हवालदारांनी डोकं खाजवलं. "मास्तर, चंद्र तुम्ही चोरलात?"

मास्तरांनी कसनुसं तोंड केलं. "साहेब म्हणत असतील तर..."

हवालदारांनी पेनाला टोपण लावलं.

धाकटीचं मात्र संपलं नव्हतं. तिनं पुस्तक मास्तरांसमोर उघडलं. "भाऊजी, मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शोधलं. कप पालथा करणारी, सुई तोंडात धरून बोलणारी. ताई कुठंय हो यात?"

मास्तरांनी त्या पानावरून बोट फिरवलं.

"अल्टरेशनमध्ये गेली," ते म्हणाले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. प्रकाशक एवढ्या मोठ्यानं बोलत होता की चौकीतल्या सगळ्यांना ऐकू येत होतं. "मास्तर, अभिनंदन! सगळ्या प्रती संपल्या! आता लगेच दुसरा भाग काढायचा. त्यात बायको परत जिवंत होऊन सूड घेते. कराल ना तिला जिवंत?"

धाकटीनं तोंड फिरवलं. मास्तरांचा हात कानावरच्या पेन्सिलकडे गेला. आणि तिथंच थांबला.

"नाही," मास्तर म्हणाले. "ते जमत नाही."

फोन बंद केला. आपल्या तोंडून हे काय निघालं म्हणून ते स्वतःच दचकले होते.  विषय बदलायला म्हणून हवालदार उठले, पोटावरून हात फिरवला आणि म्हणाले, "बरं मास्तर, आलाच आहात तर... मागच्या महिन्यात तुम्ही करून दिलेली ही पँट. जरा आणखी घट्ट कराल का? रुबाबदार दिसेल."

मास्तरांनी त्यांना खालून वर न्याहाळलं. मान किंचित वाकडी केली. "राहू द्या तशीच," ते म्हणाले. "चांगली दिसते."

धाकटीनं गर्रकन वळून पाहिलं. आवाज मास्तरांचा होता, पण बोलणं ताईचं होतं. हुबेहूब!

"खरंच चांगली दिसते?" हवालदार खूश झाले आणि त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

टप्! कमरेचं बटण सुटलं, टेबलावर आपटलं आणि गरगरत मास्तरांच्या पायाशी येऊन पडलं.

शेवटी, बटण मास्तरांनीच लावलेलं होतं ना!