सव्वासातची गाडी आणि अग्रक्रम क्रमांक एक

व्यापारी मंडळाच्या धोरण समितीची सहावी बैठक प्रवासी रेल्वे आणि आरोग्यसेवा या दोन विषयांवर भरली होती. सातही सदस्यांच्या दारात दोन-दोन मोटारी होत्या आणि आजारी पडले की ते विमानाने जात. त्यामुळे दोन्ही विषयांकडे त्यांना अगदी निःपक्षपातीपणे पाहता येत होते.

कोपऱ्यात मंडळाच्या टायपिस्ट बसल्या होत्या. त्यांना सगळे नुसते 'बाई' म्हणत. बाईंची आई मंगळवारी आणि शुक्रवारी सव्वासातच्या पॅसेंजरने पुढच्या शहरातल्या सरकारी रुग्णालयात डायलिसिसला जाई. प्रवासी कमी म्हणून गावातला हा थांबा बंद करण्याचे रेल्वेच्या मनात होते. समितीच्या मागण्यांच्या यादीत हा थांबा वाचवण्याची मागणी पहिली लागावी म्हणून बाई देव पाण्यात घालून बसल्या होत्या.

"रेल्वे की आरोग्य? पहिला नंबर एकालाच," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा धंदा सिमेंटचा.

"दोन्हीत बसेल असा एखादा माणूस मिळाला तर?" टायरवाल्या सदस्यांनी विचारले.

नोकरीच्या अकरा वर्षांत बाईंनी पहिल्यांदाच बैठकीत तोंड उघडले. "माझी आई आहे, साहेब."

समितीला आनंदाचे भरते आले. दोन्ही अग्रक्रम एकाच म्हातारीत! आठ दिवसांत आई अहवालाच्या मुखपृष्ठावर झळकली. खाली मोठ्या अक्षरांत 'आमची गाडी, आमचे आरोग्य'. दंडावरची पट्टी नीट दिसावी म्हणून फोटोग्राफरने तिचा हात तीनदा फिरवून घेतला होता.

अहवालाला रेल्वेचे उत्तर आले: 'प्रत्यक्ष पाहणीशिवाय मागणी ग्राह्य धरता येत नाही. सबब येत्या मंगळवारी सदर गाडीत चढणाऱ्या प्रवाशांची मोजणी करण्यात येईल.'

"मोजू देत की!" अध्यक्ष म्हणाले. "सभासद, त्यांचे नोकर, नोकरांचे मेहुणे, सगळे चढवा."

मंगळवारी नऊशे चाळीस माणसे चढली. पॅसेंजरमध्ये बसण्याची अध्यक्षांची ही पहिलीच वेळ, म्हणून ते दारात फोटोसाठी थांबले. बाई आईला धरून या डब्याकडून त्या डब्याकडे धावत होत्या.

"अहो, जरा सरका ना! ही माझी आई. मुखपृष्ठावरची!"

"ओळखलं की!" टायरवाले दारातून हसले. "आजी, तुमच्यासाठीच चाललंय हे सगळं." पण ते तसूभरही हलले नाहीत. गाडी गेली.

"जाऊ दे गं," आई बाकावर टेकत म्हणाली. "भली माणसं आहेत. आपल्यासाठी किती धडपडतायत!"

बाईंना संतापाने रडू आले. मशीनची पुढची पाळी शुक्रवारी होती. तोवर आईचे पाय सुजले आणि तिला दोन जिने चढल्यासारखी बसल्या जागी धाप लागू लागली.

पंधरा दिवसांनी निर्णय आला: 'मागणी निःसंशय सिद्ध झाली आहे. तथापि, एवढे प्रवासी चढण्यास अठरा मिनिटे लागून वेळापत्रक कोलमडले. सबब, प्रवाशांच्या व्यापक हितासाठी सदर थांबा रद्द करण्यात येत आहे.'

पहिले वाक्य वाचून होताच समितीने टाळ्या वाजवल्या. पुढची कोणाला ऐकूच आली नाहीत.

"साहेब, थांबा गेला," बाई म्हणाल्या. "बसनं पोचेपर्यंत आईची पाळी निघून जाईल. कोणाला दया आली तर अर्धा वेळ मशीन मिळेल."

"बाई, मागणी सिद्ध झाली, ते बघा ना! मांडणं आपलं काम, पुढचं त्यांचं." अध्यक्षांनी आवाज मायेने खाली आणला. "बरं, आईची तब्येत कशी आहे? पुढच्या वर्षीच्या अहवालाला फोटो लागेल. जरा लवकरच काढून ठेवू या."

बाईंनी आभाराचा ठराव टाइप केला. एकही चूक झाली नाही.

सव्वासातची गाडी आता मिनिटभरही चुकत नाही. तुम्ही तिनेच जाता आणि वेळेवर पोचता म्हणून खूशही आहात. मंगळवारी आणि शुक्रवारी एका फलाटावर दोन बायका, एखाद्या दिवशी तरी गाडी थांबेल म्हणून, हात वर करून उभ्या असतात. तुम्ही भले माणूस आहात. खिडकीतून तुम्हीही हात हलवता.