सही घेतल्याशिवाय देऊ नये

शेवडेकाकांच्या घरी दर महिन्याला बंदुकीच्या गोळ्यांचं एक खोकं यायचं. काकांकडे बंदूक नाही. कधी नव्हती. कुकरची शिट्टी व्हायच्या बेतात आली की ते आधीच कानांवर हात ठेवतात.

अमेरिकेत ॲन आर्बरला आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. पुण्यात मोटारींच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. लेकीमागोमाग इकडे आले, रीतसर नागरिक झाले. पुढे लेक, गौरी, नोकरीसाठी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, रेडमंडला गेली आणि दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. काका राहिले आणि त्यांचा प्रश्न राहिला, "नियमात बसतं का?" पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं घरून पदार्थ न्यायच्या जेवणाला, माझ्या बायकोनं नेलेल्या खिचडीवर त्यांनी स्वतः चिठ्ठी चिकटवली होती, 'यात शेंगदाणे आहेत.' साबुदाण्याच्या खिचडीत शेंगदाणे असतात हे तिथल्या चाळीस मराठी माणसांना कळलं, हे बरं झालं.

गोळ्यांचे नियम त्यांनी मला बर्फ उपसताना सांगितले.

"पोस्टानं चालत नाहीत. खाजगी कुरियरच लागतो. खोक्यावर काळ्या कोपऱ्यांचा चौकोन लागतो, टोकावर उभा. मागवणारा सज्ञान लागतो. काही राज्यांत परवाना लागतो, आपल्याकडे नाही. आणि मुख्य म्हणजे सही."

"कसली सही?"

"मोठ्या माणसाची. दारात. समोरासमोर."

"पण काका, गोळ्या कशाला?"

"लीगल आहे," असं म्हणून त्यांनी फावडं उचललं.

हा किस्सा मी वर्षभर पार्ट्यांमध्ये रंगवून सांगितला. लोक पोट धरून हसत. मग यंदा गौरी आली आणि परत जायच्या दिवशी रिकामी बॅग शोधताना तिनं जिन्याखालचं कपाट उघडलं. आत अकरा खोकी. आलेल्या तारखेप्रमाणे लावलेली, एकही न फोडलेलं. तिलाही उत्तर मिळालं, "लीगल आहे." तिनं एअरपोर्टवरून मला फोन केला.

"दादा, हे काय चाललंय? आई गेल्यापासून बाबा एकटे... ते स्वतःला काही..."

पुढचं वाक्य तिच्याच्यानं बोलवेना. खरं सांगायचं तर माझ्याच्यानं ते ऐकवलं नसतं. ती म्हणाली, "मंगळवारी पुढचं खोकं येणारे. प्लीज बघा. नाहीतर मी सुट्टी टाकून येते, घर विकते आणि बाबांना घेऊनच जाते." काकांना त्या घरातून हलवणं म्हणजे काय, हे तिलाही माहीत होतं. काकूंच्या हातची कढीपत्त्याची कुंडीसुद्धा त्यांनी जागची हलवू दिली नव्हती.

मंगळवारी मी घरूनच काम करत होतो. साखर मागायच्या निमित्तानं दहा वाजता गेलो. काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. खिशात गाडीचं लायसन्स. गॅसवर आल्याचा चहा, जवळ झाकणाचा कागदी कप.

अकराला बेल वाजली. कुरियरवाली डनीस दारात उभी.

"मिस्टर शेवॅडी! हाऊ आर वी टुडे?"

काकांनी लायसन्स पुढे केलं. तिनं फोटो बघितला, मग काकांकडे बघितलं आणि फोटोपेक्षा तुम्हीच बरे दिसता म्हणाली. काकांनी तिच्या यंत्रावर बोटानं अख्खं नाव लिहिलं, खाली रेघ ओढली. तिनं घाई केली नाही. गुडघा कसा आहे ते विचारलं, चहा घेतला आणि गेली. सगळं मिळून चार मिनिटं. गाडी वळणाआड होईपर्यंत काका दारात उभे होते.

"काका, गौरी घाबरलीय. मीही घाबरलोय," मी सरळच बोललो.

त्यांनी हातातल्या खोक्यावर बोट ठेवलं.

"बाकीची पार्सलं दाराशी ठेवतात," ते म्हणाले. "दाराचा फोटो काढतात आणि जातात. आत कोणी आहे का, कोणी बघत नाही. याला मात्र माणूस बघितल्याशिवाय जाता येत नाही. नियम आहे."

"मग वाइन मागवायची. तिलाही सही लागते."

"हिला घरात दारू चालायची नाही." काकांनी काकूंच्या कुंडीकडे हात केला. "गोळ्यांबद्दल ती कधी काही बोलली नव्हती."

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. एका भिंतीपलीकडे मी राहतो. वर्षभरात मी त्यांचा किस्सा किती जणांच्या घरी नेला, आणि त्यांच्या घरी गेलो ते साखर मागायला. मला माझीच लाज वाटली.

गौरीला सगळं सांगितलं. ती नाक ओढत म्हणाली, "दादा, सही लागेल असं कुठलंही पार्सल पाठवता येतं ना?"

आता मंगळवारी रेडमंडहून कधी मोजे येतात, कधी गोडा मसाला. डनीसचा चहा चालू आहे. गोळ्या बंद झाल्या. काकांनी पोलिसांना फोन करून, वेळ घेऊन, बाराच्या बारा खोकी जमा केली आणि पोचपावतीवर सही घेऊन आले.

गुरुवार मी घेतला. पहिल्या गुरुवारी भरल्या वांग्याचा डबा घेऊन बेल वाजवली. काका डब्याला हात लावणार, तेवढ्यात मी तो मागे घेतला.

"सही लागेल."

काकांनी माझ्याकडे रोखून बघितलं. आत गेले, चष्मा लावून आले आणि लायसन्स माझ्या हातात दिलं.

"आधी हे बघ. नियमात बसलं पाहिजे."

मी फोटो बघितला, मग काकांकडे बघितलं, अगदी सावकाश. नाव मोठ्यानं वाचलं.

"यशवंत नारायण शेवडे?"

"हजर," काका म्हणाले.