दोरीला हात लागला त्याचा हिस्सा

वच्छलाच्या मामाचं पत्र आलं, त्या दिवसापासून मनकर्णाच्या हातून भाजीत मीठ जास्त पडायला लागलं. पहिल्या दिवशी तिचा बाप इस्तारी भातावर भात घेत गेला. दुसऱ्या दिवशी तो जेवता जेवता दोन गडवे पाणी प्यायला. तिसऱ्या दिवशी मात्र म्हणाला, "माय, ह्या वांग्यानं तुहं काय वाकडं केलं?"

वांग्यानं काही केलं नव्हतं. केलं होतं वच्छलानं. दोघी सावरटोल्याच्या शाळेत सातवीत, एकाच चटईवर बसणाऱ्या, एकाच दौतीत टाक बुडवणाऱ्या. पण वच्छलाचा मामा रामाजी नागपुरात एका कचेरीत कारकून होता, आणि मनकर्णाला नागपुरात मामा तर सोडाच, ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. मामानं लिहिलं होतं की संक्रांतीनंतरच्या रविवारी आमची सगळी कचेरी मोटार करून तुमच्या तलावावर सहलीला येत आहे. सकाळी येऊ, दिवस मावळायच्या आत निघू, स्वयंपाकात कांदा कमी घालावा.

"साहेबाजवळ कॅमेरा हाये," वच्छला चटईवर बसल्या बसल्या सांगू लागली. "माहा फोटू काढणार हायेत. डोंग्यात बसून."

"कोणाच्या डोंग्यात?"

"डोंग्यात म्हणजे डोंग्यात. तलावात एकच तर हाये."

तो एकच डोंगा इस्तारीचा होता. अख्ख्या झाडाचं खोड कोरून मनकर्णाच्या आज्यानं तो केला होता, आणि त्यात बसून मनकर्णा चालायच्या आधी वल्हवायला शिकली होती. तलाव मासे धरणाऱ्या धिवरांनी राखायचा, जाळं बापानं टाकायचं, डोंगा आज्यानं कोरायचा, आणि फोटो वच्छलाचा. मनकर्णाला हा हिशेब काही केल्या जमेना. रात्री ती आईला म्हणाली, "मले काई फोटूबिटू नाई पाहिजे." आई म्हणाली, "तुले कोणं विचारलं?" दुखलं ते नेमकं हेच.

रविवारी नऊच्या सुमारास मोटार आली. आतून वीस माणसं उतरली: कचेरीतली माणसं, त्यांच्या बायका, आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला साहेब. साहेबांच्या बायको इंदुताई पांढऱ्या चपला घालून आल्या होत्या आणि पाय कुठे ठेवावा हे दर पावलाला विचारत होत्या. "किती शुद्ध हवा आहे," असं त्या म्हणाल्या तेव्हा पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, शेजारच्या सुगंधाबाईचे झिंगे वाळत होते, आणि त्यानंतर ताईंनी हवेचं नाव काढलं नाही.

वच्छला नव्या गुलाबी लुगड्यात डोंग्यात जाऊन बसली. लुगडं आईचं होतं, त्यामुळे निम्मी वच्छला दिसत नव्हती. डोंगा दोरीनं खुंट्याला बांधलेला होता. तिनं आतला लांब बांबू उचलून काठावर टाकून दिला.

"बांबू काऊन काढला व?" मनकर्णानं विचारलं.

"फोटूत वाईट दिसते."

"बांबूबिगर डोंगा हालत नाई."

"मले कोठी हालाचं हाये? मले फोटूत बसाचं हाये."

आणि ती हनुवटी वर करून बसली. साहेब म्हणाले, उन्हाची तिरीप येऊ द्या, फिल्ममध्ये एकच फोटो शिल्लक आहे, बाकीचे वाटेत बैल दिसले तेव्हा संपले.

एकच. तेवढ्यात पलीकडे गावचं मोठं जाळं ओढायची वेळ झाली. बारा घरची माणसं दोन दोऱ्यांना भिडत होती, आणि मनकर्णाला बुद्धी सुचली. ती तरातरा इंदुताईंपुढे गेली आणि शाळेत कविता म्हणायच्या आवाजात म्हणाली, "आमच्याकडे पाहुण्यांनी जाळ्याची दोरी ओढायची पद्धत आहे. सगळ्यांनी. खूप शोभा येते. फोटोसुद्धा फार चांगला येतो."

अशी कुठलीही पद्धत नव्हती. पद्धत होती ती वेगळीच, आणि ती मनकर्णाला पाळण्यात असल्यापासून माहीत होती: दोरीला हात लागला त्याचा हिस्सा. ओढणारा लहान असो, मोठा असो, वाटेनं जाणारा असो, त्यानं दोरी धरली की निघालेल्या मासळीत त्याचा सारखा वाटा. आणि एकदा पडलेला वाटा परत करायचा नाही. पण हेवा माणसाच्या डोक्यात शिरला की बाकीच्या गोष्टी बाहेर ओट्यावर बसून राहतात.

"किती छान," इंदुताई म्हणाल्या आणि त्यांनी पहिला हात घातला. मग बाकीचे धावले, आणि इकडचे गावकरी पलीकडच्या दोरीला सरकले. इकडची दोरी सहा माणसांच्या बेताची, तिच्यावर एकोणीस पाहुणे कुठून मावणार? रामाजीमामा तर मागे नुसतीच हवा ओढत होता. "दोरी वाढवा," असा ओरडा झाला. मनकर्णानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. जवळ दोरी एकच होती. तिनं डोंग्याची दोरी खुंट्यावरून आणि डोंग्यावरून सोडली आणि जाळ्याच्या दोरीला गाठ मारून जोडली. वच्छला हनुवटी वर करून बसली होती. हनुवटी वर असलेल्या माणसाला खालचं दिसत नाही.

एकोणीस पाहुणे ओढू लागले. काही पुढे ओढत होते, काही बाजूला, एक जाडे गृहस्थ तर स्वतःला आत ओढून घेत होते. त्यांच्या सगळ्यांच्या पुढे, पाण्यात गुडघाभर, दोरी खांद्यावर घेऊन मनकर्णा. साहेबांना ते दृश्य इतकं आवडलं की ते कॅमेरा घेऊन धावतच आले. "वा! इकडे पाहा सगळ्यांनी!"

सगळ्यांनी पाहिलं. मनकर्णाही पाहणार होती. पण त्या घटकेला तिला एकच गोष्ट पाहिजे होती: वच्छलाचं तोंड कसं झालंय ते बघायचं होतं. नुसतं एक क्षणभर. तिनं मान वळवली.

खुंटा होता तिथेच होता. डोंगा नव्हता.

कॅमेरा टक् वाजला.

डोंगा, गुलाबी लुगडं आणि वच्छला तलावाच्या मध्याकडे हळूहळू निघाली होती. तिची हनुवटी आता खाली आली होती.

"मनकर्णे," पाण्यावरून आवाज आला, "हे काऊन हालून राह्यलं व?"

पुढचा अर्धा तास कोणाला श्वास घ्यायला सवड नव्हती. जाळं कसंबसं काठाला आलं. इस्तारी जोडलेल्या दोरीचं मोकळं टोक घेऊन छातीभर पाण्यात गेला आणि त्यानं ते भिरकावलं. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा वच्छलानं दोन्ही हातांनी पकडलं आणि ती डोंग्यासकट काठाला लागली. लुगडं कमरेपर्यंत चिखलाचं झालं होतं. कोणी काही बोलायच्या आत पाळीवर बसलेले दादाजी शांतपणे म्हणाले, "वीस."

दादाजी गावचे सगळ्यात म्हातारे धिवर. हिस्से मोजायचं काम त्यांचं.

"काय वीस?" साहेबांनी विचारलं.

"पाहुणे एकोणीस, अन् हे डोंग्यातली पोरगी. हिनंही दोरी धरली. बारा घरचे बारा, घरामागं एक. बत्तीस हिस्से."

"ते तर डोंग्याची दोरी होती," सुगंधाबाई म्हणाली.

"जाळ्याले बांधली ना? मंग जाळ्याचीच."

पळसाच्या पानांवर बत्तीस ढीग पडले. ढीग कसले, दोन बोटांएवढी मासळी आणि चिमूटभर झिंगे. सुगंधाबाईनं आपलं पान उचलून उन्हात धरलं. "याच्यात तं मांजरही रुसन," ती म्हणाली, आणि मग बारा घरच्या बायकांनी एकदमच मनकर्णाकडे पाहिलं. इस्तारी जाळ्याची एक न फाटलेली जागा बारकाईनं तपासू लागला.

इकडे इंदुताईंच्या पुढ्यात पान आलं. पानावरचं एक पिल्लू अजून शेपटी हलवत होतं. त्यांच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं. "हे... आपण राहू द्या," त्या म्हणाल्या. "तुम्हालाच ठेवा."

"राहू देता येत नाई, बाई. एका साली एकानं हिस्सा पाळीवर टाकला. तीन साल जाळ्यात नुसतं शेवाळ आलं," दादाजी म्हणाले.

"पण आम्ही खात नाही हो."

"खाच लागते असं नाई. न्याच लागते."

तेव्हा मोटारीचा ड्रायव्हर लच्छू पुढे आला. "माझ्या गाडीत मासे नाही चढणार. उद्या याच गाडीतून नवरीचं वऱ्हाड जायचं आहे. तिच्या सासूला मी काय सांगू?"

झालं. मासे ठेवता येईनात, नेता येईनात. एकोणीस माणसं एकोणीस पानं हातात घेऊन उभी राहिली, जशी काही नैवेद्य घेऊन आलीत आणि देऊळच सापडत नाही. दूर सोमाजीच्या म्हणजे वच्छलाच्या बापाच्या वाड्यात कमी कांद्याचा स्वयंपाक निवत होता. उन्हं कलायला लागली. एकटे साहेब तेवढे रिकाम्या हाताचे, कारण त्यांचे हात कॅमेऱ्याला लागले होते. ते एकेका पानाकडे मोठ्या करुण नजरेनं पाहत होते. शेवटी ते दादाजींच्या कानाशी वाकले. "दोरीला आत्ता हात लावला तर चालेल का?"

इंदुताईंनी वळून पाहिलं. साहेब लगेच आकाशातले पक्षी पाहू लागले.

मनकर्णाला वाटलं, तलावानं आपल्याला आत घ्यावं. पण तलावानं घेतलं नाही, तेव्हा तिनं डोकं चालवलं. "दादाजी, हिस्सा कुठवर न्या लागते?"

"म्हंजे?"

"नागपूरलेच न्या लागते का? का पाळीखाली उतरला तरी चालते?"

दादाजींनी डोळे मिटले. इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं. "हिस्सेदाराच्या हातानं पाळीखाली उतरला पाहिजे," ते म्हणाले. "पुढं तो कोणाले देते, ते तलाव पाहत नाई."

मग ती मिरवणूक निघाली. सर्वांत पुढे इंदुताई, तोंड एकीकडे, हात दुसरीकडे, पान दोन बोटांत. मागे अख्खी कचेरी. पाळीखाली सुगंधाबाई टोपली घेऊन उभीच होती. "द्या बाई, द्या. लय उपकार झाले." टोपलीत मासळी पडता पडता गावच्या बायकांची तोंडंही सरळ झाली. रामाजीमामानं मात्र आपलं पान दिलंच नाही. तो "जरा वारा खाऊन येतो" म्हणून पाळीखालच्या चिंचेमागे, धिवरांच्या चुलीकडे गेला आणि त्याच्या पाठोपाठ साहेबही वारा खायला गेले. परत आले तेव्हा दोघांच्या मिशांना मिरचीचा वास होता.

मोटार दिवस मावळल्यावर निघाली. वच्छला मनकर्णाशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत चटईचं दुसरं टोक धरून बसली. मनकर्णानंही दौत मागितली नाही. फोटोत आपण आहोत, पुढे, दोरी खांद्यावर, एवढं तिला पुरेसं होतं. निदान ती स्वतःला तसं सांगत होती. भाजीत मीठ आता कमी पडायला लागलं होतं.

होळी झाल्यावर पाकीट आलं, अर्थातच वच्छलाच्या घरी. मनकर्णा तीन दिवस त्या गल्लीनं गेली नाही. चौथ्या दिवशी वच्छलाच आली. ओट्यावर बसली, पाकीट मांडीवर ठेवलं.

"पाह्य."

"मले नाई पाहाचं."

"तं नको पाहू. मी पाह्यते, तू इकडं तोंड करून बस."

मनकर्णानं हिसकावलंच. फोटोत एकोणीस पाहुणे दात काढून कॅमेऱ्याकडे पाहत होते. रामाजीमामाही होता, त्याच्या हातात दोरी नव्हती तरी. सगळ्यांच्या पुढे, पाण्यात गुडघाभर, दोरी खांद्यावर घेतलेली एक लांब वेणी होती. वेणीच्या वर कान होता. तोंड नव्हतं.

मनकर्णानं फोटो उलटा करून पाहिला, जणू तोंड मागच्या बाजूला निघेल.

"मी मान वळवली," ती हळूच म्हणाली. "तुह्या तोंडाकडं पाहाले."

"काऊन?"

"तू जळते का नाई, पाहाले."

वच्छलानं बोट ठेवलं. मागे, काठापासून थोडं दूर, तांदळाएवढा डोंगा आणि त्यात तांदळाच्या कणीएवढी वच्छला. तोंड एवढंसं, पण कॅमेऱ्याकडे नव्हतं. नीट पाहिलं की कळत होतं, ते सरळ वेणीकडे होतं.

"जळत होती ना," वच्छला म्हणाली. "सारे दोरी ओढून राह्यले, हसून राह्यले, अन् मी एकटी. डोंगा सुटला ते मले मंग समजलं."

मनकर्णानं फोटो दोघींच्या मधे ओट्यावर ठेवला.

"ठेवाचा कोणाजवळ?" मनकर्णानं विचारलं.

वच्छला उठून दादाजींकडे विचारायला निघाली होती, पण मनकर्णानं तिचं मनगट धरून खाली बसवलं. "त्याले नको विचारू. फोटूतले सारे मोजून एकवीस हिस्से करन."