म्हाद्या मुंगूस आणि पाठीमागची हाक

एका जंगलात एक थेटर होतं, बाळांनो. तिथे वर्षानुवर्षं एकच सिनेमा चाले, कारण त्यात सिंहमहाराज स्वतः होते.

सिनेमाच्या आवाजाचं काम गोंदा मुंगसाने केलं होतं. फिल्मवर आवाजाच्या दोनच पट्ट्या मावायच्या. पाठीमागचे आवाज गोंदाने त्यांतच दडवले. दोन्ही पट्ट्यांत सारखं असेल ते समोरून ऐकू येई, एकमेकींच्या उलट असेल ते पाठीमागून. डरकाळी समोर, पानांची सळसळ मागे. ती सळसळ भरताना त्याने धाकट्या भावाला हाक मारली होती. "म्हाद्या, जेवलास का रं?" ती तशीच आत राहून गेली.

मागच्या श्रावणात गोंदा नागाशी लढताना मेला. मुंगूसच जिंकतो, असं तुमच्या पुस्तकात असेल. पुस्तक बदला.

तेव्हापासून म्हाद्या रोज थेटरात जाई. डरकाळी विरली, की पाठीमागून हाक येई. तो दर वेळी वळून बघे.

मग थेटर मोडायचं ठरलं. आता घरोघरी सिनेमाची तबकडी, पाच स्पीकर लावून बघा, असा हुकूम निघाला. दोन पट्ट्यांतून पाच स्पीकरांचे आवाज सोडवायला तरसेसाहेबांना नेमलं. त्यांना आवाजातलं काही कळत नव्हतं, पण दरबारातलं सगळं कळत होतं.

म्हाद्या धावत गेला. "साहेब, ती हाक राहील ना?"

साहेबांनी तेवढाच तुकडा तपासला. "इथे दोन पट्ट्या जुळत नाहीत. महाराजांच्या सिनेमात बिघाड? काढून टाकतो."

म्हाद्याचं डोकं फिरलं. शाळेत तो दोनच दिवस गेला होता, तेही मास्तरांना चावून परत आला. तोंडाला आलं ते बोलला.

"काढता कशाला? एक पट्टी उलटी करा, म्हणजे जुळतील."

"बरा आहेस की," साहेब म्हणाले, आणि त्यांनी अख्खी पट्टी उलटी केली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. जे जुळत होतं, ते आता जुळेना, आणि जुळत नव्हतं, ते जुळलं. पण पुन्हा ऐकून कोण बघतो? साहेबांची जेवायची वेळ झाली होती.

तबकडीचा पहिला खेळ दरबारात झाला. पडद्यावर महाराजांनी जबडा उघडला. डरकाळी पाठीमागून आली. सगळा दरबार महाराजांकडे पाठ करून मागे बघू लागला.

आणि समोरून, महाराजांच्या उघड्या जबड्यातून, आवाज आला, "म्हाद्या, जेवलास का रं?"

तरसेसाहेबांनी शेपूट पायांत घातलं.

"नाही जेवलो," म्हाद्या म्हणाला.

एक म्हातारी हत्तीण डोळे पुसत म्हणाली, "बघा, महाराजांना प्रजेची केवढी काळजी."

टाळ्या पडल्या. महाराजांनी जन्मात कुणाला हे विचारलं नव्हतं. ते पडद्यावरच्या स्वतःकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "असंच राहू द्या."

तरसेसाहेबांना पदक मिळालं. म्हाद्याला ताट वाढलं. तो समोर बघत सगळं जेवला. मागे वळला नाही. तिकडे आता नुसती डरकाळी होती.

तात्पर्य: काम जाणकाराकडे गेलं असतं, तर डरकाळी जागच्या जागी राहिली असती आणि म्हाद्या उपाशी. म्हणून मोठी कामं तरसालाच द्यावीत, आणि शाळेत दोन दिवसांपेक्षा जास्त जाऊ नये.